वाहतुकीची आखणी आणि पर्यावरणाची तपासणी



आजच्या सभेस आलेल्यांपैकी पुष्कळ मंडळी सकाळी वसईची खाडी ओलांडून मुंबईस गेली असतील आणि संध्याकाळी तीच खाडी ओलांडून परत आली असतील. गाडीच्या दाराशी उभे राहावयास मिळाले, तर पुलाखाली भरतीचे पाणी दिसते, मध्ये पाणजूचे बेट दिसते, दोन्ही काठांना तिवरे आणि त्यांच्यामागे मिठागरांचे चौकोन दिसतात. गाडीच्या आतली गर्दी आणि गाडीबाहेरचे ते पाणी ह्या दोन्ही गोष्टी आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. आजचा विषयही ह्याच दोहोंचा आहे. आत गुदमरणाऱ्या माणसाला नवा मार्ग हवा आहे आणि तो लवकर हवा आहे. बाहेरच्या पाण्याला आपला जुना मार्ग मोकळा हवा आहे. सरकारी कचेऱ्यांनी ह्या दोन्ही मागण्यांचा विचार एकाच वेळी, आणि वेळेवर, कसा करावा हा प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे.

विषय वरवर पाहता रूक्ष आहे. नाहरकत दाखले, अधिसूचना, जनसुनावण्या ह्यांच्यात कुणाचे मन रमावे? पण हा विषय दर पावसाळ्यात आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो, म्हणून तो समजून घेणे भाग आहे.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. वसई तालुक्याच्या पूर्वेस तुंगारेश्वरचा डोंगर आहे. त्यास २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी. डोंगरावर पडलेले पाणी सामान्यतः पश्चिमेकडे उतरते आणि खाड्यांना व समुद्राला मिळते. माणसांची वाहतूक मात्र दक्षिणोत्तर चालते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली स्थानिक गाडी सुटली, ती ह्याच दिशेने. पुढे अहमदाबादचा महामार्ग झाला, तोही ह्याच दिशेने. म्हणजे येथे बांधलेला प्रत्येक लांब मार्ग पाण्याच्या वाटेला आडवा जातो. भराव घालून मार्ग उंच केला की तो बांध होतो, आणि त्या बांधाच्या पोटातली मोरी किती मोठी व किती खोल आहे ह्यावर पलीकडच्या वस्तीचे सुखदुःख ठरते.

पूर्वी हा दोष झाकला जात असे, कारण पाण्याला थांबावयास जागा होती. भाताची खाचरे होती, खाजणे होती, मिठागरे होती आणि वाडीवाडीतून बावखले होती. बावखल हे केवळ बागायतीचे तळे नव्हे. पावसाचे पाणी धरून ठेवणारे आणि ते हळूहळू जमिनीत जिरवणारे ते घरगुती धरणच होय. ही जागा आता कमी झाली आहे. २००९ साली चार नगरपालिका आणि आसपासची गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या बारा लाखांवर भरली. हिरव्या पट्ट्याचे काय होणार, हा प्रश्न फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईच्या चळवळीतून त्याआधी कितीतरी वर्षे विचारला होता.

जुलै २०१८ मध्ये काय झाले हे येथे कुणाला सांगावयास नको. पाणी दिवसेंदिवस उतरले नाही, मिठागराच्या वस्तीत शेकडो माणसे अडकली, रेल्वे बंद पडली, वीज गेली. त्यानंतर नीरी आणि आयआयटी मुंबई ह्यांच्या तज्ज्ञांकडे पुराच्या कारणांचा अभ्यास सोपविण्यात आला आणि पाणी साठविण्यासाठी धारण तलावांची कल्पना पुढे आली. अभ्यास चांगलाच झाला. पण तो पूर आल्यानंतर झाला. हा क्रम उलटा करणे, म्हणजे आखणीच्या आधी तपासणी करणे, हेच माझ्या आजच्या सांगण्याचे सार आहे.

आता सरकारी व्यवस्था पाहू. समजा, वसईच्या खाडीवर मोटारींसाठी एक पूल बांधावयाचा आहे. आखणी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण करील. पोचरस्त्यांचा संबंध महानगरपालिकेच्या विकास आराखड्याशी येईल. किनाऱ्याच्या नियमांसाठी सागरी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जावे लागेल, तिवरांसाठी वनखात्याकडे आणि उच्च न्यायालयाकडे, खाडीतून होड्या जातात म्हणून सागरी मंडळाकडे, मिठागराची जमीन लागली तर केंद्र सरकारच्या मीठ आयुक्तांकडे, रुळांजवळ काम आले तर रेल्वेकडे आणि भूसंपादनासाठी कलेक्टर कचेरीत. ह्यांपैकी एकही कचेरी निरर्थक नाही. प्रत्येक जण काहीतरी खरेच जपत असतो. दोष असा की, प्रत्येक कचेरीस प्रश्न निरनिराळ्या वेळी विचारला जातो आणि बहुधा आखणी पक्की झाल्यावर विचारला जातो. मग एकीने सुचविलेल्या बदलामुळे दुसरीची परवानगी जुनी होते आणि कागद पुन्हा पहिल्या टेबलावर येतो.

ह्या सर्वांच्या पाठीशी जो कायदा आहे, त्याची कुळकथा थोडक्यात सांगतो. १९८४ च्या भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याखाली १९९४ साली मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांची तपासणी सक्तीची झाली, १९९७ साली तीत जनसुनावणी आली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने आजची पद्धत घालून दिली. तिच्या चार पायऱ्या आहेत. प्रकल्पास तपासणी लागते की नाही हे ठरविणे ही पहिली. कोणत्या गोष्टींचा अभ्यास करावयाचा हे ठरविणे ही दुसरी. लोकांचे म्हणणे ऐकणे ही तिसरी. आणि तज्ज्ञ समितीने सर्वांची छाननी करणे ही चौथी. मुदतीही दिलेल्या आहेत. सुनावणी ४५ दिवसांत, अंतिम अहवाल आल्यावर छाननी ६० दिवसांत आणि त्यापुढे निर्णय ४५ दिवसांत. कागदावर ही पद्धत दिरंगाईची नाही.

उणीव निराळ्या ठिकाणी आहे. प्रकल्पास तपासणी लागते की नाही, हे मुख्यतः त्याच्या जातीवर आणि लांबीवर ठरते. नव्या राष्ट्रीय महामार्गास ती लागते. जुन्या महामार्गाचे रुंदीकरण असेल, तर ते शंभर किलोमीटरांहून लांब असावे लागते आणि त्यासाठी ठराविक मर्यादेपेक्षा अधिक रुंदीची जागा घ्यावी लागत असली पाहिजे. रेल्वेमार्ग तर ह्या यादीतच नाहीत. त्यांना किनाऱ्याचे, वनांचे आणि वन्यजीवांचे नियम लागतात, पण ह्या अधिसूचनेखालची समग्र तपासणी लागत नाही. पाण्याला मात्र मार्ग रेल्वेचा की मोटारीचा, तो केंद्राचा की राज्याचा, हे कळत नाही. त्याला एवढेच कळते की वाट मोकळी आहे किंवा अडलेली आहे.

दुसरी उणीव ऋतूची आहे. बहुतेक प्रकल्पांच्या अहवालासाठी पावसाळा वगळून एका ऋतूची निरीक्षणे पुरेशी धरण्याचा प्रघात आहे. हवेची धूळ मोजावयास तो ठीक असेल; परंतु ज्या तालुक्याचे सारे संकट जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत येते, त्या तालुक्याची परीक्षा जानेवारीत घेऊन काय कळणार?

ह्या उणिवा असूनही, कामाला उशीर होतो तो पर्यावरणाच्या तपासणीमुळे, असे सरसकट म्हटले जाते. त्यात कितपत तथ्य आहे हे पाहावयाचे, तर उशिराचे पृथक्करण केले पाहिजे. माझ्या मते त्यात तीन निरनिराळे वेळ मिसळलेले असतात. एक, समजून घेण्याचा वेळ: नाले मोजणे, भरती-ओहोटी पाहणे, एक पावसाळा डोळ्यांनी बघणे, लोकांचे ऐकणे. दुसरा, कागद फिरण्याचा वेळ: तोच नकाशा आठ कचेऱ्यांना आठ वेळा देणे आणि एकीच्या उत्तरासाठी दुसरीने थांबणे. तिसरा, पस्तावण्याचा वेळ: काम सुरू झाल्यावर आखणी बदलणे, न्यायालयात जाणे, बांधलेले फोडणे. पहिला वेळ कमी करता येत नाही, कारण पावसाळा वर्षातून एकदाच येतो. दुसरा वेळ जवळजवळ सगळा वाचविता येतो. आणि पहिला वेळ प्रामाणिकपणे दिला, तर तिसरा पुष्कळसा आपोआप वाचतो. कार्यपद्धती सुटसुटीत करावयाची म्हणजे दुसऱ्या वेळावर कात्री चालवावयाची. दुर्दैवाने ती पुष्कळदा पहिल्यावर चालविली जाते.

तीन उदाहरणे देतो.

पहिले आपल्या दारातले आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरांचा असून तिचे एक स्थानक विरारला आहे. आरंभीच्या आराखड्याप्रमाणे सुमारे ५३ हजार तिवरे तोडावी लागणार होती. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात तिवरांची नासधूस म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग असे सांगितले होते. सार्वजनिक हितासाठी तोड अपरिहार्यच असेल तर न्यायालयाची परवानगी घ्यावी, असा दंडक त्यातून आला. ह्या छाननीच्या काळात ठाण्याच्या स्थानकाचा आराखडा बदलण्यात आला आणि तोडावयाच्या तिवरांची संख्या सुमारे २२ हजारांवर आली. त्यानंतर ९ डिसेंबर २०२२ रोजी न्यायालयाने परवानगी दिली. गाडी रद्द झाली नाही आणि निम्म्याहून अधिक झाडे वाचली. म्हणजे तो पर्याय अशक्य नव्हता. स्थानकाची पहिली रेघ ओढतानाच तिवरांचा नकाशा शेजारी ठेवला असता, तर हा पर्याय पहिल्याच दिवशी सुचला असता.

दुसरे उदाहरण कोकण रेल्वेचे. १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि काम विलक्षण वेगाने चालले. गोव्यात मात्र मार्ग खाजण जमिनींतून जात होता. भरावामुळे पाणी अडेल, शेते बुडतील, ह्या भीतीने मोठे आंदोलन झाले. १९९३ साली केंद्र सरकारने तेथील वादग्रस्त भागातले काम थांबवून न्यायमूर्ती ओझा ह्यांचा आयोग नेमला. आयोगाने मूळ मार्गाच्या बाजूने कौल दिला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला. आंदोलक बरोबर होते की अभियंते, ह्या वादात मी आज पडत नाही. माझे म्हणणे एवढेच की, जी चौकशी यंत्रे उभी करून, मजूर थांबवून करावी लागली, तीच मार्ग ठरविण्यापूर्वी केली असती तर एकही मजूर थांबला नसता.

तिसरे उदाहरण चुकीच्या कात्रीचे. २८ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, केंद्र सरकारने एक अधिसूचना काढून रस्ते, जलवाहिन्या अशा रेषेसारख्या लांब कामांसाठी माती खणण्यास पर्यावरणीय परवानगीतून सूट दिली. भराव झटपट व्हावेत, हा हेतू. पण किती माती, कोठून आणि रेषेसारखे काम कशास म्हणावयाचे, हे काहीच सांगितले नव्हते; लोकांच्या हरकतीही मागविल्या नव्हत्या. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या आपल्या तालुक्यास मुरमाच्या खाणी म्हणजे काय हे ठाऊकच आहे. न विचारता वाचविलेला वेळ असा चार वर्षांनी परत द्यावा लागतो.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. अमेरिकेत असा कायदा १ जानेवारी १९७० पासून अमलात आहे. तेथेही अहवाल शेकडो पानांचे झाले, वर्षानुवर्षे लांबले आणि लोक कंटाळले. २०२३ साली तेथे मोठ्या अहवालास सामान्यतः दोन वर्षांची आणि दीडशे पानांची मर्यादा घातली गेली. पण तेथील वाहतूक खात्यांनी त्यापूर्वीच एक अधिक शहाणपणाची वाट शोधली होती. वाहतुकीचा दीर्घ मुदतीचा आराखडा करतानाच वन, जल, वन्यजीव ह्या खात्यांना बोलवावयाचे आणि त्या वेळी झालेला अभ्यास पुढच्या औपचारिक तपासणीत ग्राह्य धरावयाचा. एकदा सोडविलेले गणित पुन्हा सोडवावयास लावावयाचे नाही.

आपल्याकडेही ह्या दिशेने पाऊल पडले आहे. २०१८ साली 'परिवेश' ही एकखिडकी व्यवस्था सुरू झाली आणि पर्यावरण, वने, वन्यजीव व किनारा ह्यांचे अर्ज एका ठिकाणी आले. हे चांगलेच आहे. पण खिडकी एक झाली तरी खिडकीमागची माणसे एका टेबलाशी बसली पाहिजेत, आणि तीही आखणी कच्ची असताना. पक्का नकाशा खिडकीत टाकला, तर कागद लवकर फिरेल इतकेच; पस्तावा टळणार नाही.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट बेरजेची. आपल्या तालुक्यातून आणि परिसरातून आज किती मार्ग आखले गेले आहेत पाहा: बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, विरार-डहाणू चौपदरीकरण, मुंबई-वडोदरा महामार्ग, आपल्या नवघरपासून निघणारा विरार-अलिबाग मार्ग, आणि उत्तन-विरार सागरी सेतूची योजना. प्रत्येकाची संस्था वेगळी आणि अहवाल वेगळा. प्रत्येक अहवाल प्रामाणिकपणे म्हणू शकेल की आमच्या भरावाने पाण्यास फारसा अडथळा होत नाही. परंतु सहा 'फारसा नाही' एकत्र केले म्हणजे पूर येतो. ही बेरीज करण्याचे काम आज कोणत्याही एका कचेरीकडे स्पष्टपणे सोपविलेले नाही.

म्हणून वसईपुरते बोलावयाचे तर मागणी साधी आहे. तालुक्यातील सर्व नाले, मोऱ्या, बावखले, तिवरे आणि मिठागरे ह्यांचा एक अधिकृत नकाशा असावा. त्यात मोरीची रुंदी आणि तळाची पातळी लिहिलेली असावी. भर पावसात तो तपासला जावा आणि दरवर्षी सुधारला जावा. मार्ग आखणाऱ्या प्रत्येक संस्थेने पहिली रेघ ह्याच नकाशावर ओढावी आणि सर्व खात्यांनी त्याच रेघेवर एकत्र बसून मत द्यावे. पुढची रेघ ओढताना आधीच्या सर्व रेघा नकाशावर असल्या की बेरीज आपोआप डोळ्यांपुढे राहील. खर्च एका पुलाच्या मानाने नगण्य होईल.

आराखडे वेळेवर झाले पाहिजेत, हेही ओघाने आलेच. ह्या उपप्रदेशासाठी १९९० साली सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. तिने केलेला विकास आराखडा २००१ ते २०२१ ह्या वीस वर्षांचा होता. त्यास शासनाची मंजुरी मिळाली फेब्रुवारी २००७ मध्ये. वीस वर्षांपैकी सहा वर्षे मंजुरीपूर्वीच गेली, आणि त्या सहा वर्षांत इमारती काही थांबल्या नाहीत. आराखडा मागे राहिला की रस्त्याची जागा आधी भरते आणि मग रस्ता जेथे जागा उरली तेथून, म्हणजे खाजणातून आणि तिवरांतून, न्यावा लागतो. निसर्गाशी होणारे पुष्कळसे भांडण हे असे आपल्याच उशिराचे अपत्य असते.

कुणी म्हणेल, तिवरे आणि बावखले मोजीत बसाल तोवर लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्यात वेदना आहे. विरारपलीकडच्या दोनच रुळांवर विसंबून राहणाऱ्यांची ती रोजची व्यथा आहे. पण हाच माणूस जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी आल्यामुळे घरी अडकून पडला होता. ज्या मार्गाखालून पाणी जात नाही, त्या मार्गावरून पावसाळ्यात गाडीही जात नाही. तेव्हा माणूस आणि पाणी ह्यांचे हित येथे परस्परविरोधी नाही.

शेवटी आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांतून द्यावी लागते. त्यांपैकी एक वृत्तपत्र प्रादेशिक भाषेतले असते. अहवालाचा मसुदा कलेक्टर कचेरीत, जिल्हा परिषदेत आणि महानगरपालिकेत पाहावयास ठेवावा लागतो आणि त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणी कलेक्टर किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी घेतो. सर्व कामकाजाचे चित्रण होते आणि अखेरीस इतिवृत्त वाचून, मराठीत समजावून सांगावे लागते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ह्या सभेस गणसंख्येची अट नाही. पाच माणसे आली तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. २०२० साली नव्या अधिसूचनेचा मसुदा केवळ इंग्रजी-हिंदीत निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो सर्व बावीस भाषांत द्यावा असा आदेश दिला. भाषेचा हक्क असा मिळतो. पण वाचण्याचा आळस कोणतेही न्यायालय दूर करू शकत नाही.

सुनावणीस जाल तेव्हा 'प्रकल्प नको' किंवा 'प्रकल्प हवाच' एवढेच बोलून बसू नका. आपल्या वाडीतला नाला कोठून येतो, कोठे जातो, २०१८ साली पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले आणि किती दिवसांनी उतरले, हे लिहून न्या. पाचूबंदर-अर्नाळ्याच्या कोळ्याला भरतीची जी वाट ठाऊक आहे आणि वाडीतल्या बागायतदाराला पाण्याची जी पातळी ठाऊक आहे, ती दूरच्या तज्ज्ञाला ठाऊक असणे शक्य नाही. ती माहिती वेळेवर त्याच्या हाती पडली, तर मोरी तीन फुटांऐवजी सहा फुटांची होईल. त्या तीन फुटांनी कुणाचे घर कोरडे राहील आणि गाडीही वेळेवर सुटेल.